पोकलेनचा सेन्सर ‘गेला’ म्हणण्याआधी हे तपासा : बॅटरी, अर्थिंग, वायर आणि मग सेन्सर

एप्रिल-मे महिन्यात तालुक्यात कुठल्याही शिवारात जा, पोकलेनचा आवाज कानावर पडतोच. शेततळं, विहीर, नाला खोलीकरण, तलावातला गाळ, सगळं मृगाच्या आत उरकायचं असतं. अशा वेळी मशीन उभी राहिली की मालकाचा हप्ता थांबत नाही, ऑपरेटरचा पगार थांबत नाही आणि शेतकऱ्याचा पाऊसही थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी हे माझ्याच शेतात घडलं. शेततळं निम्मं खोदून झालं होतं. एका सकाळी मशीनचा जोर गेला. बकेट मातीत घातली की इंजिन दबायचं, मीटरवर पिवळा दिवा आणि कोड. कोड मेन पंपाच्या प्रेशर सेन्सरचा होता. मिस्त्री म्हणाला, सेन्सर गेला. मालकाने जिल्ह्याच्या गावाहून पाच आकडी रकमेचा नवीन सेन्सर मागवला. तो बसवला, तरी तोच कोड, तोच प्रकार. चार दिवस गेले. शेवटी एक म्हातारे वायरमन आले. त्यांनी मल्टिमीटर लावला, केबिनखालची पट्टी सोडली आणि घासून उघडी पडलेली, तांबं हिरवं झालेली वायर हातात काढून दाखवली. म्हणाले, “भाऊ, सेन्सर बोलतो तो वायरीतून. आधी वायर बघायची, मग सेन्सरला दोष द्यायचा.” अर्ध्या तासाचं काम होतं. पण तोवर रोहिणीचा पाऊस आला, तळ्याचा एक काठ ढासळला आणि त्या वर्षी तळं अर्धंच राहिलं.

तेव्हापासून आमच्या भागात मशीन बंद पडली की मी जाऊन उभा राहतो आणि विचारतो. मशीनवाले, वायरमन आणि ऑपरेटर यांच्याकडून जे शिकलो ते इथे क्रमाने देत आहे. आपण ज्याला पोकलेन म्हणतो ते नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचं. आता कुठल्याही कंपनीची चेनवाली मशीन असो, आपल्याकडे ती पोकलेनच. खाली दिलेली पद्धत बहुतेक सगळ्यांना लागू पडते. नेमके आकडे मात्र आपल्या मशीनच्या पुस्तकातून पडताळून घ्यावेत.

हात लावण्याआधी

बूम आणि बकेट जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करा, लॉकचा दांडा लावा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. कपलर काढायचा किंवा लावायचा तो चावी बंद असतानाच. बॅटरीचा मेन स्विच असेल तर चावी बंद केल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग तो पाडा, कारण कॉम्प्युटर त्या वेळात आपली माहिती साठवून घेतो. कॉमन रेल इंजिन असेल तर चालू इंजिनवर डिझेलचा बारीक पाईप कधीच ढिला करू नका. त्यात हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

पहिला प्रश्न : मशीन खरंच आजारी आहे का?

सेन्सर म्हणजे मशीनचं बोट. बोटाला चटका बसला तर दोष बोटाचा नसतो, तवा तापलेला असतो. म्हणून आधी साधी पाहणी करा. इंजिन ऑईल किती आहे? रेडिएटरमध्ये पाणी आहे का, त्याची जाळी मातीने आणि भुशाने बुजली आहे का? हायड्रॉलिक ऑईलची पातळी, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पट्टा हे बघा.

ऑईल प्रेशरचा लाल दिवा किंवा बजर वाजला तर इंजिन लगेच बंद करा. “सेन्सरच खराब असेल” म्हणत तो काढून काम चालू ठेवणारे मी पाहिले आहेत. दहा वेळा ते खरं निघेल, अकराव्या वेळी इंजिन जाम होईल. शंका असेल तर सेन्सरच्या जागी काट्याचा गेज लावून खरा दाब मोजता येतो. मिस्त्रीकडे तो असतो. तापमानाचंही तसंच, तापमानाच्या बंदुकीने बाहेरून मोजून मीटरशी ताडून बघा.

दुसरं : बॅटरी आणि चार्जिंग

बहुतेक पोकलेनमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. छोट्या मशीन आणि जेसीबी १२ व्होल्टवर असतात. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून हे आकडे घ्या :

- इंजिन बंद, मशीन रात्रभर उभी : प्रत्येक बॅटरी १२.६ च्या आसपास, दोन्ही मिळून २५.२. प्रत्येकी १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी उतरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.
- सेल्फ मारताना : दोन्ही मिळून १९ च्या खाली जाऊ नये. गेलं तर सेल्फ फिरेल, पण कॉम्प्युटर मधेच झोपेल आणि भलतेच कोड दाखवेल.
- इंजिन चालू, रेस थोडी वाढवून : साधारण २७.५ ते २८.५. पंचविसावरच राहिलं तर डायनामा किंवा त्याची वायर बघा. ३० च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब, ताबडतोब थांबा.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. आपल्याकडे एक खोड फार आहे : टेप, पंखा किंवा मोबाईल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेतात. त्याने एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही जातात. १२ व्होल्ट लागतच असतील तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधी काढू नका. धक्का द्यायचा तर २४ व्होल्टच्याच गाडीवरून द्या. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टवर काम होत नाही. प्लस-मायनस उलटं लागलं तर कॉम्प्युटर जागेवर जळतो.

तिसरं : अर्थिंग

सगळ्यात जास्त फसवणारा दोष हाच. अर्थची पट्टी दिसायला जागेवर असते, पण खाली गंज, रंग नाहीतर चिखल. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. हेल्परला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ कमजोर आहे. असंच चेसिसला आणि केबिनला लावून बघा. बोल्ट सोडा, पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवा, आवळा, वरून ग्रीस लावा. एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले, तर चार सेन्सर एकदम मरत नसतात. तिथे अर्थ किंवा सामाईक सप्लाय तपासा.

चौथं : फ्यूज आणि रिले

फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका. चावी चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही पाठींवर व्होल्ट मोजा, दोन्हीकडे यायला हवेत. उडालेला फ्यूज त्याच अँपिअरचा टाका. तो पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर लोखंडाला लागली आहे. तिथे तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे मशीनला आग लावायची तयारी. रिलेची शंका असेल तर शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघा, फुकटची तपासणी आहे.

पाचवं : कोड वाचा, पण पूर्ण वाचा

ऑपरेटर फोनवर सांगतो, “कोड आलाय.” कुठला, ते लिहिलेलं नसतं. मोबाईलवर मीटरचा फोटो काढा आणि मगच कोड पुसा. पुसून मशीन चालवा. परत आला तर खरा, नाही आला तर जुना पडून राहिलेला.

बऱ्याच इंजिनांचे कोड दोन भागांत येतात. पहिला भाग, एसपीएन, कुठली जागा ते सांगतो : १०० म्हणजे इंजिन ऑईल प्रेशर, ११० पाण्याचं तापमान, १५७ डिझेल रेलचा दाब, १६८ बॅटरी व्होल्टेज, १९० इंजिनचे आरपीएम, ९७ डिझेलमधलं पाणी. दुसरा भाग, एफएमआय, काय झालं ते सांगतो. खरी गोम या दुसऱ्या आकड्यात आहे :

- ० किंवा १, तसंच १५ ते १८ : वायर-सेन्सर ठीक असावेत, मोजलेली गोष्टच जास्त किंवा कमी आहे. म्हणजे मशीन बघा.
- २ : आकडा उड्या मारतोय. ढिला कपलर, हलणारी वायर.
- ३ : व्होल्टेज जास्त. वायर दुसऱ्या चालू वायरीला लागलेली, किंवा काही जागी अर्थ तुटलेला.
- ४ : व्होल्टेज कमी. वायर लोखंडाला लागलेली, किंवा सप्लाय तुटलेला.
- ५ : करंट कमी, म्हणजे वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला.
- ६ : करंट जास्त, म्हणजे शॉर्ट.

म्हणजे ‘१०० – १’ आला तर ऑईलचा दाब खरंच कमी आहे, इंजिन बंद. ‘१०० – ४’ आला तर वायरीचा संशय आधी. दोन्हीला नुसतं “ऑईल प्रेशरचा कोड” म्हटलं तर घात होतो. हायड्रॉलिकचे कोड मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यासाठी मशीनचं पुस्तकच लागतं.

सहावं : कपलर आणि वायर

कोड ज्या जागेचा आहे तिथला कपलर काढा. आत पाणी, ऑईल, हिरवा गंज, वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन आहे का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, वाळू द्या, टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. पिनमध्ये जाड सुई किंवा टेस्टरचं टोक कोंबू नका, भोक मोठं होतं आणि नवीनच दोष तयार होतो. कॉम्प्युटरच्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावू नका, मल्टिमीटरच वापरा.

वायर बहुतेक ठरलेल्या जागीच तुटते : केबिनखाली, बूमच्या बुडाशी वळणावर, पंपाजवळ, सायलेन्सरशेजारी आणि जिथे पट्टीने आवळली आहे तिथे. उसाच्या किंवा गोठ्याच्या शेजारी मशीन पावसाळाभर उभी होती? मग उंदराने कुरतडलेली वायर आधी शोधा.

दोष येतो-जातो असेल तर चावी चालू ठेवून, इंजिन बंद ठेवून, एकाने मीटरकडे बघायचं आणि दुसऱ्याने वायरीचं जाळं वीतभर-वीतभर हलवत जायचं. जिथे हात लागल्यावर दिवा लुकलुकतो तिथे उघडा. गरम झाल्यावरच दोष येत असेल तर मशीन तापवून मग तपासा. सकाळी थंड मशीनवर तो सापडणार नाही.

सातवं : आता सेन्सर

प्रेशर सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात : सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून, चावी चालू करून मशीनकडच्या बाजूला सप्लाय आणि अर्थमध्ये मोजा. बहुतेक ठिकाणी ५ व्होल्ट येतात. नाही आले तर नवीन सेन्सर बसवून काहीच होणार नाही, दोष मागे आहे. ५ व्होल्टची लाईन अनेक सेन्सरना सामाईक असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळेच खोटं बोलतात. अशा वेळी एकेक सेन्सर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तोच गुन्हेगार.

सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये फिरतो. दाब नसताना अर्ध्या-एक व्होल्टच्या जवळ, दाब वाढला की आकडा चढला पाहिजे. एका जागी चिकटून बसला तर सेन्सरवर संशय.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर दोन वायरींचा असतो, तो काढून ओहमवर मोजायचा. थंडीत आकडा मोठा, गरम झाल्यावर लहान. पुष्कळ इंजिनांत २५ अंशाला २-३ हजार ओहम आणि ८० च्या पुढे दोन-तीनशे. कंपनीनुसार आकडा बदलेल, पण चाल हीच. सेन्सर गरम पाण्यात बुडवून घरच्या घरी बघता येतं.

सोलेनॉईडची कॉईलही कपलर काढून ओहमवर मोजता येते. पंपाच्या सोलेनॉईडला साधारण १० ते ३० ओहम मिळतात. अनंत दाखवलं तर कॉईल तुटलेली, शून्याजवळ दाखवलं तर जळून शॉर्ट झालेली.

आणि सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे अदलाबदल. दोन पंप असलेल्या मशीनवर पुष्कळदा दोन्हीकडे सारखेच सेन्सर असतात. नंबर जुळत असेल तर मशीन थंड करून, दाब सोडून, दोघांची जागा बदला. कोड सेन्सरबरोबर दुसऱ्या पंपावर गेला तर सेन्सर खराब. कोड जागेवरच राहिला तर वायर. माझ्या शेतात हे पहिल्याच दिवशी केलं असतं, तर मालकाचा सेन्सर आणि माझं तळं दोन्ही वाचलं असतं.

लक्षणावरून कुठे बघायचं

*सेल्फ नुसता टक्-टक् करतो :* बॅटरी, टर्मिनल, अर्थ, सेल्फचा रिले.

*सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही :* सेल्फ मारताना मीटरवर आरपीएम दिसतात का बघा. शून्यच राहिले तर स्पीड सेन्सर, त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी भुसा किंवा त्याची वायर. दिसत असतील तर डिझेल, हवा आणि फिल्टरकडे वळा.

*इंजिन चालतं, पण काहीच हलत नाही :* लॉकच्या दांड्याखालचा स्विच, त्याचा फ्यूज, पायलट सोलेनॉईड. दांडा खाली-वर करताना सोलेनॉईडचा टक् आवाज येतो का ऐका.

*जोर नाही किंवा रेस एका जागी अडकली :* रेसचा गोल डायल, पंपाचा सोलेनॉईड, बूस्ट सेन्सर. काही मशीनवर पंपासाठी इमर्जन्सी स्विच असतो. तो टाकल्यावर जोर आला तर पंप चांगला, दोष इलेक्ट्रिकमध्ये. तो स्विच मशीन कडेला नेण्यापुरता असतो, दिवसभर काम ओढायला नव्हे.

*मीटर बंद किंवा सगळे कोड एकदम :* सप्लाय, अर्थ, नाहीतर कॉम्प्युटरना जोडणाऱ्या कॅन लाईनच्या पिळलेल्या दोन वायरी. बॅटरी स्विच पाडून त्या दोघींमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही एकमेकींना लागल्यात. इथून पुढे कंपनीचा माणूस बोलवावा.

दोष आपणच ओढवून घेतो तो असा

बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरी न काढणं हे पहिलं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी आणि कॉम्प्युटरचे कपलर काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. चिमटा चेनला आणि वेल्डिंग बकेटला केलं, तर करंट सगळ्या मशीनमधून वाट काढत जातो.

दुसरं, प्रेशरच्या पाण्याने इंजिन आणि केबिनच्या मागची बाजू धुणं. तिसरं, जादा लाईट, पंखा, जीपीएस मिळेल त्या वायरीला टोचून जोडणं. जोडायचंच तर वेगळा फ्यूज आणि रिले टाकून बॅटरीवरून घ्या. वायर जोडताना नुसती पिळून टेप लावू नका. डाग द्या किंवा दाबून बसणारी टोपी वापरा आणि वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा.

चौथं आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॉकच्या दांड्याचा स्विच थेट जोडून टाकणं. खाली विहिरीत हेल्पर उतरलेला असतो, ऑपरेटरचा कोपर चुकून दांडीला लागतो आणि बूम हलतो. चाळीस रुपयांच्या वायरीने वाचवलेला वेळ माणसाच्या जिवावर येतो.

कंपनीच्या माणसाला फोन करताना

मॉडेल, मशीनचा नंबर, किती तास चालली, पूर्ण कोड, थंड असताना येतो की गरम झाल्यावर, बॅटरीचे तीन आकडे आणि आपण काय काय तपासलं, हे कागदावर लिहून मग फोन करा. योग्य सामान घेऊन माणूस एकाच खेपेत येतो. कॉम्प्युटर बदलणं, नवीन इंजेक्टरचा नंबर भरणं, पंपाचं सेटिंग ही कामं स्कॅनरशिवाय होत नाहीत, त्यात हात घालू नका. “आधी पार्ट टाकून बघू” म्हणणाऱ्या मिस्त्रीला मात्र एकच विचारा : वायर मोजली का? इलेक्ट्रिकचं सामान एकदा उघडलं की दुकानदार बहुधा परत घेत नाही.

शेतकऱ्यांसाठी दोन शब्द

तासावर मशीन लावताना आधीच बोलून घ्या : दोष शोधायला इंजिन चालू ठेवलं तर ते तास धरायचे नाहीत. तासाचं मीटर इंजिन चालू असलं की पळतं, बकेट मातीत असो वा नसो. काम सुरू होताना आणि संपताना मीटरचा फोटो काढून ठेवा. त्यात मालकावर अविश्वास नाही, दोघांचीही सोय आहे.

आणि मालकांनी केबिनमध्ये एक वही, एक साधा मल्टिमीटर, फ्यूजचा पुडा, दोन रिले आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा ठेवावा. हे सगळं मिळून एका सेन्सरच्या किमतीचा छोटा भागही होत नाही. माझं तळं पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण झालं, त्याच मशीनने. आता तिच्या केबिनमध्ये मल्टिमीटर लटकवलेला असतो.